आधी मशीन, मग उठणं

घरात निदान आधीच झालेलं असतं: उसण भरली. भरलेली बादली उचलली, बाथरूममध्ये पाय घसरून बसकण मारली, घोडबंदर रोडला रिक्षा खड्ड्यात आदळली, किंवा काहीच झालं नाही, जोराचा खोकला आला आणि पाठीत कट् वाजलं. मग बाम, गरम पाण्याची पिशवी, तेल. ओळखीत कोणी पायाळू असेल तर त्याला बोलावून पाठीला पाय लावून घ्यायचा. स्नायू धरला असेल तर त्याने फारसं बिघडत नाही. मणका दबला असेल तर त्या पायाखाली काय होतंय ते वरून दिसत नाही. म्हणून हाडं ठिसूळ होण्याच्या वयात, साठीच्या पुढच्या बाईची पाठ एकाएकी धरली आणि कुशीवर वळताना जीव जायला लागला, तर पायाळू नंतर, आधी एक्स-रे.

रिपोर्टवर बहुतेक वेळा डी १२ (छातीच्या भागातला शेवटचा मणका) किंवा एल १ (कमरेचा पहिला मणका) लिहिलेलं असतं. छातीच्या पिंजऱ्याने जखडलेला कणा जिथे संपतो आणि मोकळी हलणारी कंबर जिथे सुरू होते, तो हा सांधा. सगळा दणका तिथेच बसतो. मणक्याची पुढची बाजू चेपते, मागची तशीच राहते, म्हणून त्याचा आकार पाचरीसारखा होतो. घरची मंडळी त्याला ‘मणक्यात गॅप’ म्हणतात. खरं तर हे गॅपच्या अगदी उलट आहे, पण त्यावर वाद घालण्यात वेळ जातो, म्हणून आम्ही फिजिओथेरपिस्ट सोडून देतो. फ्रॅक्चर ताजं की जुनं हे एक्स-रेवरून नेहमी कळत नाही. एमआरआयमध्ये हाडाला सूज दिसली तर ताजं. हा रिपोर्ट बघितल्याशिवाय दुखणं दाबणारं टेन्सचं मशीन लावू नये, कारण जुना दबलेला मणका आणि नवं दुखणं यांचा संबंध असेलच असं नाही.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर पॅरासिटामॉल, पट्टा, कॅल्शियम, हाडांचं औषध आणि शेवटी दोन शब्द असतात: ‘टेन्स लावा’. कुठे, किती वेळ, किती जोरात, याबद्दल चिठ्ठी गप्प असते. ठाणे आणि नवी मुंबईत घरी जाऊन फिजिओथेरपी देताना आमचा निम्मा वेळ या दोन शब्दांचा अर्थ लावण्यात जातो.

टेन्स म्हणजे त्वचेवर चिकटवलेल्या पॅडमधून नसांना बारीक विजेचे ठोके देणं. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली वेदनेच्या ‘दारा’ची कल्पना मांडली. स्पर्श आणि कंपन वाहून नेणाऱ्या जाड नसा जाग्या केल्या, की वेदना आणणाऱ्या बारीक नसांचा निरोप मज्जारज्जूच्या पातळीवरच अडतो. कोपर आपटल्यावर आपण ते चोळतो, तोच प्रकार. १९६७ साली अमेरिकेत नॉर्मन शीली यांनी मज्जारज्जूच्या मागच्या बाजूला असे ठोके देणारं पहिलं यंत्र बसवलं. त्या शस्त्रक्रियेला कोणाला घ्यायचं हे चाचपायला आधी वरून त्वचेवर करंट देऊन बघत. त्या चाचणीनेच काहींना इतका आराम पडला की चाचणीचंच पुढे उपचार म्हणून यंत्र झालं.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी घरच्यांना सांगावी लागते. या मशीनने हाड जुळत नाही. हाड आपल्या गतीने साधारण सहा ते बारा आठवड्यांत सांधतं, मशीन लावा किंवा लावू नका. मशीन दुखणं थोडा वेळ दाबतं आणि त्या वेळात पेशंट उठतो. अंथरुणावर पडून राहण्याने हाड आणखी ठिसूळ होतं, मांड्यांचा जोर जातो, छातीत कफ साठतो, पोट साफ होत नाही. म्हणून आमचं सगळं वेळापत्रक एका वाक्यावर चालतं: आधी मशीन, मग उठणं. घराघरांत याच्या उलट चालतं. पेशंट कळवळत संडासाला जाऊन येतो आणि परत आडवा झाल्यावर ‘आता आराम पडावा’ म्हणून मशीन लावतात. मशीन चालू असताना बरं वाटतं, तासाभराने पुन्हा उठायची वेळ येते आणि तोच कळवळा. आठ दिवसांनी निष्कर्ष निघतो: मशीनचा उपयोग नाही.

शास्त्रीय पुरावा मध्यम आहे, तो लपवत नाही. अमेरिकेतल्या अस्थिशल्यविशारदांच्या अकादमीने २०१० साली मणक्याच्या अशा फ्रॅक्चरवर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात विजेच्या उपचाराच्या बाजूनेही शिफारस नाही आणि विरुद्धही नाही. २००७ साली इटलीत एक अभ्यास प्रसिद्ध झाला, जुन्या फ्रॅक्चरमुळे कंबर दुखणाऱ्या बायकांवर केलेला. तिथे मशीन टेन्सचं नव्हतं, इंटरफेरेन्शियल आणि त्याच जातीचं दुसरं होतं. पहिल्या दोन आठवड्यांत खरं मशीन लावलेल्या आणि खोटं मशीन लावलेल्या दोन्ही गटांना सारखाच आराम पडला. पुढच्या आठवड्यांत मात्र खऱ्या मशीनवाल्यांचं दुखणं उतरत राहिलं, खोट्यावाल्यांचं थांबलं. म्हणजे पहिल्या पंधरवड्यातल्या आरामाचं सगळं श्रेय मशीनला देऊ नये, आणि पहिल्या पंधरवड्यातच मशीन टाकूनही देऊ नये.

मशीन कोणतं घ्यायचं? दोन चॅनेलचं, चार पॅडचं, आणि ज्याच्या माहितीपत्रकात फ्रिक्वेन्सी (सेकंदाला किती ठोके) हर्ट्झमध्ये आणि पल्स विड्थ (एक ठोका किती वेळ टिकतो) मायक्रोसेकंदांत छापलेली आहे असं. ऑनलाइन ‘मसाजर’ म्हणून मिळणारी फुलपाखराच्या आकाराची किंवा पंधरा मोडची यंत्रं बहुधा स्नायू आकुंचित करायला बनवलेली असतात. ताज्या फ्रॅक्चरच्या दोन्ही बाजूंचे स्नायू आधीच कडक झालेले असतात, मणक्याला लाकडी फळीसारखा आधार देत असतात. त्यांना झटके देऊन थडथड उडवलं की दबलेला मणका हलतो. क्लिनिकमधलं आयएफटी, म्हणजे वर आलेलं इंटरफेरेन्शियल, हे वेगळं यंत्र. त्याचा मूळ करंट ४००० हर्ट्झच्या आसपास असतो आणि काही ठिकाणी तो चोषणाऱ्या वाट्यांनी लावतात. म्हाताऱ्या, सुरकुतलेल्या त्वचेवर त्या वाट्या निळे डाग पाडतात. आणि लोक या सगळ्यालाच ‘शेक’ म्हणतात. कोणी फोनवर सांगतं की ‘शेक दहा दिवस घेतला’, तेव्हा नक्की काय घेतलं ते विचारून घ्यावंच लागतं.

पेसमेकर किंवा डिफिब्रिलेटर बसवलेला असेल तर हृदयाच्या डॉक्टरांच्या परवानगीशिवाय टेन्स अजिबात नाही. कॅन्सरची गाठ असलेल्या जागेवर नाही. मानेच्या पुढच्या बाजूला नाही, डोळ्यांवर नाही, छातीच्या पुढून मागे असा आरपार नाही. जखमेवर नाही. फिट येणाऱ्यांना डॉक्टरांना विचारून, आणि डोक्या-मानेच्या जवळ नाहीच. विसरभोळेपणा इतका वाढलेला असेल की ‘टोचतंय’ हे सांगताही येणार नाही, तर एकटं ठेवून नाही. दबलेला मणका पक्का करायला त्यात सिमेंट भरलं असेल किंवा स्क्रू असतील तर टेन्सला सहसा अडचण येत नाही. लहरींनी आतून उष्णता देणाऱ्या शॉर्टवेव्ह डायथर्मीला मात्र धातू चालत नाही. दोन्ही यंत्रं ‘शेक’ या एकाच नावाखाली गेल्यामुळे इथे गोंधळ होतो. ईसीजी काढताना मशीन बंद ठेवायचं, नाहीतर कागदावर टेन्सचे ठोके उमटतात. एमआरआयच्या खोलीत जाण्याआधी पॅड काढून ठेवायचे.

आता पहिली बैठक. पेशंटला पालथं झोपवायचं नाही. शिकवणीच्या चित्रांत पालथा पेशंट दिसतो, पण नुकतं फ्रॅक्चर झालेली पोक निघालेली पाठ पालथी घातली तर त्यातच दिवस जातो. कुशीवर, गुडघे थोडे दुमडून, दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी. पाठ साबणाच्या ओल्या फडक्याने पुसायची, मग नुसत्या ओल्या फडक्याने, मग कोरडी. यात तीन शत्रू असतात: बाम, तेल आणि आंघोळीनंतर पाठीवर थापलेली पावडर. पावडरीवर पॅड चिकटतच नाही. बाम पुसला गेला असं वाटतं, पण त्वचेत उरलेला बाम आणि वर करंट म्हणजे तासाभराने लाल चट्टा. ज्या दिवशी बाम लावला त्या दिवशी त्या जागी मशीन नाही, असा सरळ नियम करून टाकावा. घरात दोन दिवस कुरकुर होते, मग अंगवळणी पडतं.

नंतर त्वचेची परीक्षा. कापसाचं टोक आणि बोथट काडी, डोळे मिटून कुठलं काय ते ओळखायचं. मधुमेह जुना असेल तर पायांची संवेदना गेलेली असते, पाठीची सहसा शाबूत असते. तरी बघायचंच. ज्याला टोचलेलं कळत नाही त्याला जास्त करंटही कळत नाही.

जागा शोधणं हे खरं कसबाचं काम. साडी नेसणाऱ्या बाईच्या बाबतीत ढोबळ खूण अशी: ब्लाउजची खालची कड आणि परकराची नाडी यांच्यामध्ये पाठीची जी पट्टी उघडी राहते, डी १२ आणि एल १ साधारण तिथेच असतात. नीट शोधायचं तर दोन्ही खुब्यांच्या वरची कमरेची हाडं चाचपायची. त्यांना जोडणारी रेषा साधारण चौथ्या कंबर-मणक्यावरून जाते, तिथून वर मोजत जायचं. एकापेक्षा जास्त मणके दबलेले असले की उंची घटलेली असते आणि मोजणी चुकते. मग बोटाच्या टोकाने हलकेच एकेक मणका दाबत जायचं. दुखऱ्या मणक्यावर चेहरा सांगतो.

इथेच पहिला चकवा आहे. पेशंट हात लावून दाखवतो तो खाली, कमरेच्या पट्ट्यावर, कधी कुल्ल्यावर. फ्रॅक्चर असतं चार-पाच बोटं वर. डी १२-एल १ च्या पातळीवरून निघणाऱ्या नसांच्या फांद्या तिरक्या खाली उतरून कमरेच्या हाडावरून कुल्ल्याच्या वरच्या भागात जातात, त्यामुळे दुखणं खाली उमटतं. पेशंट दाखवतो फक्त तिथेच पॅड लावले तर अर्धा आराम. म्हणून वरची जोडी फ्रॅक्चरच्या जरा वर, खालची जोडी त्याच्या खाली किंवा थेट दुखऱ्या जागेवर. मणक्याच्या मधल्या उंचवट्यापासून दोन्हीकडे दोन-तीन सेंटिमीटर सोडून, मांसल भागावर. बारीक, वाकलेल्या पाठीत मधला काटा वर आलेला असतो. त्यावर पॅड टेकवला तर पॅडचा मध्यच चिकटतो, कडा उचलल्या जातात, आणि करंट थोड्याशा जागेतून जाऊन चावतो. डावीकडचे दोन पॅड एका चॅनेलला, उजवीकडचे दोन दुसऱ्याला. नेहमीचा पॅड पाच बाय पाच सेंटिमीटरचा असतो, तेव्हा वरच्या आणि खालच्या पॅडमध्ये निदान एका पॅडएवढी जागा मोकळी. अगदी जवळ लावले तर करंट त्वचेतूनच इकडून तिकडे जातो, आत उतरत नाही. दुखणं पट्ट्यासारखं बरगडीच्या कडेने पोटाकडे वळत असेल तर एका चॅनेलचा दुसरा पॅड त्या वळणावर, कुशीकडे सरकवायचा.

वायर जोडण्याआधी दोन्ही चक्र्या शून्यावर. ‘बी’ (बर्स्ट), ‘एन’ (नॉर्मल), ‘एम’ (मॉड्युलेशन) असं बटण असेल तर ते ‘एन’वर. फ्रिक्वेन्सी ८० ते १०० हर्ट्झ, पल्स विड्थ १०० मायक्रोसेकंद, वेळ ३० मिनिटं. मग एका चॅनेलची चक्री हळूहळू वर. काही क्षण काहीच नाही, मग पेशंट म्हणतो, ‘हं, आल्या मुंग्या.’ घरचे नव्वद टक्के लोक इथे थांबतात आणि सगळं इथेच फसतं. मुंग्या येणं ही सुरुवात आहे. चक्री आणखी वर न्यायची, मुंग्या दाट आणि जोरकस होईपर्यंत, पण दुखेपर्यंत नाही. पाठीचा स्नायू थरथरायला लागला तर किंचित मागे. त्याच्या जरा अलीकडे थांबायचं. चक्रीवरचे आकडे म्हणजे मिलिअँपिअर नव्हेत. काल चारवर बरं वाटलं म्हणून आज चारवर सोडून चालत नाही, कारण पॅड किती ओला, त्वचा किती कोरडी, बॅटरी किती उतरली, यावर तोच चार आकडा वेगळा लागतो. मग दुसरा चॅनेल, त्याच पद्धतीने, स्वतंत्रपणे.

पाच-दहा मिनिटांनी पेशंट सांगतो की मशीन बंद पडलं. बंद पडलेलं नसतं. एकसुरी ठोक्यांची नसांना सवय होते. तेव्हा चक्री पुन्हा थोडी वर. अर्ध्या तासात असं दोनदा तरी करावं लागतं. पेशंटला स्वतःला चक्री हाताळायला दिली तर काम सोपं होतं. मुलगा किंवा सून चालवत असेल तर भीतीपोटी करंट कमीच राहतो, आणि कमी करंट हे टेन्स फसण्याचं पहिल्या क्रमांकाचं कारण आहे.

मग उठायचं. मशीन लावून दहा-पंधरा मिनिटं झाली, मुंग्या भरपूर आहेत, आता चालू मशीन गाऊनच्या खिशात किंवा कमरेला क्लिप लावून. पॅड लावायचेत म्हणून मॅक्सीपेक्षा दोन भागांतले कपडे बरे, नाहीतर प्रत्येक वेळी सगळं वर करावं लागतं आणि म्हातारी माणसं लाजेखातर मशीनच नको म्हणतात. गुडघे दुमडायचे. खांदे आणि कंबर एकाच वेळी, ओंडका लोटल्यासारखे, कुशीवर. पाय पलंगाखाली सोडता सोडता कोपराने आणि हाताने अंग वर. श्वास रोखायचा नाही. उताणं असताना पोटाच्या जोरावर सरळ उठून बसणं ही सगळ्यात वाईट चूक, कारण त्यात कणा पुढे वाकतो आणि दबलेल्या बाजूवरच भार येतो. दुखणं शून्य ते दहामध्ये किती हे पडल्या पडल्या विचारू नये. पडून सगळ्यांनाच बरं असतं. कुशीवर वळताना किती, बसताना किती, हे विचारून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत लिहायचं. आठाचा सहा झाला तरी तो खरा फरक समजावा.

पहिले दहा दिवस अशा चार फेऱ्या बसवता येतात: सकाळी संडासाला जाण्याआधी, दोन्ही जेवणांआधी, संध्याकाळी. संडास कमोडचाच. भारतीय बैठकीचा असेल तर कमोडची खुर्ची आणायची, सर्जिकलच्या दुकानात मिळते. ट्रामाडॉल, म्हणजे अफूच्या जातीची वेदनाशामक गोळी, चालू असेल तर पोट बांधलं जातं, आणि कुंथण्याने जी कळ येते ती कुठल्याही मशीनला आटोपत नाही. तेव्हा इसबगोलाची सोय औषधाबरोबरच व्हावी. ज्या इमारतींना लिफ्ट नाही, म्हणजे नौपाड्यातल्या कितीतरी आणि वाशीतल्या जुन्या सिडकोच्या, तिथे या दिवसांत जिना उतरून क्लिनिकला जायचा हट्ट करू नये. रोज उतरण्या-चढण्यात आणि रिक्षात जेवढं दुखणं वाढतं, तेवढं तिथल्या अर्ध्या तासाने उतरत नाही.

पट्ट्याबद्दल थोडं. टेलर ब्रेसमध्ये पाठीवर दोन उभ्या धातूच्या पट्ट्या असतात, बरोबर मणक्याच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे अगदी आपल्या पॅडच्या वर. पॅडला मागे धातूचं बटण असेल आणि ब्रेसचं अस्तर फाटलेलं असेल तर धातूला धातू लागतो. शिवाय पट्टी पॅडच्या एकाच कडेला दाबते आणि तिथे लाल रेघ उठते. पिनवाले पॅड घ्यावेत आणि वर सुती बनियनचा थर ठेवून मग ब्रेस. पुढून छातीला आणि ओटीपोटाला टेकणाऱ्या एएसएच ब्रेसलाही मागे एक गादी असतेच. ती पॅडवर आली तर पॅड थोडे बाहेर सरकवायचे. कुठलाही ब्रेस पडून घालायचा आणि पडून काढायचा. उभं राहून घातला की तो पोटावर बसतो, कण्यावर नाही.

पॅडची निगा हा पावसाळ्यात वेगळाच विषय होतो. चिकट पॅड साधारण पंधरा ते तीस वेळा चालतात असं समजावं. जून ते सप्टेंबर ठाण्याच्या दमट हवेत, घामाच्या पाठीवर, त्याच्या निम्म्यातच गळतात. वापरून झाल्यावर त्यांच्या प्लॅस्टिकवर नीट परत चिकटवायचे, झिपच्या पिशवीत घालून फ्रिजच्या दारात ठेवायचे, लावण्याआधी दहा मिनिटं बाहेर. गोंद सुकला असेल तर बोटाने पाण्याचा एक थेंब पसरवून दोन मिनिटं थांबायचं. वर सेलोटेप लावून मेलेला पॅड जगवण्याची काटकसर करू नये, कारण पॅडचा जो भाग चिकटलेला असतो तेवढ्यातूनच सगळा करंट जातो आणि टोचतं. नाहीतर सरळ काळे रबरी पॅड, अल्ट्रासाऊंडची जेल आणि मायक्रोपोर किंवा वेल्क्रोचा पट्टा. जेल कंजूषपणे लावली की वाळते आणि मधेच चावायला लागतं.

काढताना आधी चक्र्या शून्यावर, मग बटण बंद, मग पॅड. वायरला धरून खेचायचं नाही. एका हाताने त्वचा दाबून धरायची आणि दुसऱ्याने कड उचलून पॅड मागे गुंडाळत जायचं. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी वर्षानुवर्षं स्टेरॉइड घेतलेल्यांची त्वचा कागदासारखी असते (हाडंही बहुतेक त्याच औषधाने ठिसूळ झालेली असतात), तिथे एक ओढ पुरते. पॅडच्या आकाराची एकसारखी गुलाबी छटा तासाभरात जाते, ती चालेल. बारीक पुरळ आणि खाज आली तर गोंदाची ॲलर्जी, पॅडची जात बदला. एकाच ठिकाणी ठिपक्यासारखा लाल डाग म्हणजे पॅड नीट बसला नव्हता. पुढच्या वेळी जागा दोन बोटं सरकवायची.

मधेच मशीन झटका देतं, मग शांत, पुन्हा झटका, असं झालं तर पेशंट घाबरतो आणि परत हात लावू देत नाही. कारण बहुतेक वेळा वायर प्लगच्या मानेशी आतून तुटलेली असते. मशीन सुरू करून वायर हलवून बघितली की कळतं. एक चॅनेल मेला असं वाटलं तर दोन्ही वायरींची अदलाबदल करायची. बिघाड वायरीबरोबर दुसरीकडे गेला तर वायर खराब, जागीच राहिला तर मशीन. नऊ व्होल्टची बॅटरी उतरायला लागली की मुंग्या फिक्या होतात आणि चक्री शेवटपर्यंत न्यावी लागते. घरात एक जास्तीची ठेवलेली बरी. रात्री दहा वाजता नेमकी तीच संपते.

तिसऱ्या आठवड्यापासून घरातल्या घरात चालणं, मशीन कमरेला. हॉल ते स्वयंपाकघर, मग पॅसेज. या काळात एकाच जागी, त्याच आकड्यांवर रोज लावत राहिल्याने शरीराला सवय होऊन परिणाम बोथट होतो. मग ‘एम’ म्हणजे मॉड्युलेशनचा मोड घ्यावा, ज्यात ठोक्यांची चाल आपोआप बदलत राहते. कमी फ्रिक्वेन्सीचा प्रकारही आहे, दोन ते चार हर्ट्झ, २०० मायक्रोसेकंद, स्नायू ठकठक उडेल इतका जोर. त्याचा आराम उशिरा येतो पण जास्त टिकतो, कारण तो शरीराच्या स्वतःच्या अफूसारख्या रसायनांमार्फत काम करतो. ताज्या फ्रॅक्चरला तो आम्ही लावत नाही. तीन महिन्यांनंतर उरलेल्या स्नायूंच्या ठणक्याला वापरून बघतो. ट्रामाडॉल बरेच दिवस चालू असेल तर तिथेही फिका पडतो, दोघं एकाच कुलपाला चावी लावतात. चहा-कॉफीचंही थोडं आहे. कॅफिनने टेन्सचा परिणाम घटतो असं १९९५ साली एका छोट्या प्रयोगात दिसलं होतं. चहा सोडा असं ठाण्यात कोणाला सांगायची आमची छाती नाही. मशीन झाल्यावर प्या, एवढं सांगतो.

दुखणं उतरलं की नवा धोका सुरू होतो: बरं वाटतंय म्हणून वाकणं. खाली बसून विळीवर भाजी, केर काढणं, पलंगाखालची बॅग, देवघरासमोर जमिनीवर डोकं टेकवणं. आणि उत्साही शेजाऱ्यांनी शिकवलेली पादहस्तासन, पश्चिमोत्तानासन. मेयो क्लिनिकच्या सिनाकी आणि मिकेल्सन यांनी १९८४ साली ठिसूळ हाडांच्या ५९ बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांत ८९ टक्के जणींचे मणके पुन्हा दबलेले निघाले. मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांत १६ टक्के. गट लहान होते, पण फरक इतका ठळक आहे की पुढे वाकणं आम्ही कायमचं बंद करायला सांगतो. व्यायाम म्हणजे भिंतीला पाठ टेकून उभं राहणं, दोन्ही खांद्यांची पाती मागे जवळ आणणं, खुर्चीवरून हात न टेकता उठणं. तेही सुरुवातीला मशीन चालू ठेवून. रिक्षाने जावंच लागलं तर मधल्या जागी, दोन्ही हातांनी दांडी धरून. टीएमटीच्या, म्हणजे ठाण्याच्या सिटी बसच्या, मागच्या सीटवर कधीच नाही.

सहाव्या आठवड्याला पुन्हा एक्स-रे. मणका आणखी खचला असेल, किंवा पडल्यावर पूर्ण बरं आणि बसलं की लगेच असह्य असं महिन्यानंतरही चालू असेल, तर हाड आत जुळलेलं नसण्याची शक्यता असते. तिथे मशीनचा जोर वाढवत बसू नये, डॉक्टरांकडे जावं. सिमेंट भरण्याचा विषय तेव्हा निघतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत ते लुटुपुटूच्या प्रक्रियेपेक्षा सरस ठरलं नव्हतं, तरी निवडक पेशंटांना डॉक्टर अजून सुचवतात. पाय जड पडणं, लघवी अडणं किंवा नकळत होणं, बसायच्या जागी बधिरपणा, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल. संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं, रात्री पडूनही न थांबणारा ठणका असेल तर मणक्याचा टीबी आणि कॅन्सर हे दोन्ही तपासून घ्यायला हवेत. टेन्सने असं दुखणं झाकलं जातं, त्यामुळे घरचे बेसावध राहतात.

‘पाठीत कायमचं मशीन बसवतात म्हणे’ असंही विचारतात. ते मज्जारज्जूचं स्टिम्युलेटर. एक्स-रेच्या सी-आर्म यंत्राखाली सुईवाटे बारीक तारा कण्याच्या आत, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर सरकवतात, यंत्र आधी बाहेर ठेवून काही दिवस चाचणी घेतात. दुखणं निम्म्याने तरी उतरलं तरच बॅटरी त्वचेखाली बसवतात, आणि नंतर काही आठवडे वाकणं, पिळणं, उचलणं बंद, नाहीतर तार सरकते. ते मुख्यतः जुनाट, नसांच्या दुखण्यासाठी आहे, उदाहरणार्थ कण्याच्या शस्त्रक्रियेनंतरही न गेलेली पायातली कळ. सहा आठवड्यांपूर्वी दबलेल्या मणक्यासाठी नाही.

आठव्या आठवड्यानंतर मशीन फेरी-फेरीने कमी करायचं. आधी दुपारची जाते, मग संध्याकाळची. सकाळची सगळ्यात शेवटी सुटते, कारण रात्रभर आखडलेली पाठ पहिल्यांदा उठताना बोलतेच. मशीन कपाटात ठेवताना बॅटरी काढून ठेवायची, नाहीतर ती आत पाझरते. वायर मशीनभोवती घट्ट गुंडाळायची नाही. आणि हाडांचं औषध मशीनबरोबर बंद करायचं नाही. आठवड्याची ७० मिलिग्रॅमची अलेंड्रोनेटची गोळी असेल तर ठरलेल्या वारी, उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं न होता. सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन असेल तर पुढची तारीख त्याच कॅलेंडरवर आत्ताच लाल पेनाने. ते चुकलं की मणके पुन्हा, आणि एकदम दोन-तीन, दबू शकतात.